वस्तीतली वाईट बातमी ऑफिसात किती दिवसांनी पोचते? सामाजिक संस्थेची घडी बसवण्यासाठी एक मार्गदर्शक

गोवंडी स्टेशनबाहेरून शेअर रिक्षाने शिवाजीनगरला गेलं की आतल्या गल्लीत आमची एक बालवाडी होती. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे. हजेरीपटावर रोज बावीस मुलं. जूनमध्ये बावीस, जुलैतही बावीस. एका जुलैत मी न कळवता गेलो. पत्रे तीन ठिकाणी गळत होते, खाली तीन बादल्या आणि कोरड्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली सहा मुलं. ताईंनी हजेरीपट पुढे केला. सकाळचे साडेदहासुद्धा वाजले नव्हते आणि त्या दिवसाची बावीस मुलांची हजेरी भरून झाली होती.

"ताई, हे काय?"

"सर, वीसच्या खाली गेलं की सेंटर बंद होतं ना."

असा नियम संस्थेत कधीच नव्हता. आदल्या वर्षी एका मीटिंगमध्ये मीच वैतागून म्हणालो होतो, 'वीसच्या खाली पट गेला तर देणगीदाराला काय तोंड दाखवायचं?' माझं ते वाक्य दादरच्या ऑफिसातून निघालं, कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरला बसलं आणि गोवंडीला उतरेपर्यंत त्याचा नियम झाला. उलट दिशेने निघालेली गळक्या पत्र्यांची बातमी मात्र वाटेतच उतरली. ताईंनी मे महिन्यातच सुपरवायझरला सांगितलं होतं. सुपरवायझरने को-ऑर्डिनेटरच्या कानावर घातलं. को-ऑर्डिनेटर म्हणाली, 'तिमाही रिपोर्ट जाऊ दे, मग सरांशी बोलते.' ताडपत्रीचा खर्च फार तर दोन-अडीच हजार. तेवढ्यासाठी सोळा मुलं दीड महिना घरी बसली आणि कागदोपत्री सगळं आलबेल.

तेव्हापासून कुठल्याही संस्थेत गेलो की भिंतीवरची मूल्यं वाचत बसत नाही. एकच गोष्ट बघतो: खालची वाईट बातमी वर पोचायला किती दिवस लागतात आणि ती आणणाऱ्याचं पुढे काय होतं. नेतृत्व, कार्यसंस्कृती वगैरे शब्दांखाली प्रशिक्षणांत जे शिकवतात, त्यातलं निम्मंअधिक या एका प्रश्नात येतं असं माझं मत आहे. पुढचं सगळं दहा ते साठ माणसांच्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. एक ऑफिस, तीन-चार वस्त्या, एक संस्थापक, एक अर्धवेळ अकाउंटंट आणि मार्च आला की सगळ्यांची धावपळ, अशा संस्था.

पहिलं काम: तीन जुन्या फजित्यांचा माग काढा

नवीन काही सुरू करण्याआधी मागच्या सहा-आठ महिन्यांत फसलेल्या तीन गोष्टी निवडा. फार मोठ्या नकोत. बंद पडलेला वर्ग, अचानक सोडून गेलेली कार्यकर्ती, देणगीदाराच्या भेटीत झालेली शोभा, असं काहीतरी. प्रत्येकीसाठी वहीचं एक पान घ्या आणि चारच गोष्टी तारखेसह लिहा. हे सगळ्यात आधी कोणाला कळलं? ते कोणाकोणाच्या हातून वर आलं? संस्थेच्या प्रमुखाला कधी कळलं? आणि ज्याने सांगितलं त्याला काय ऐकावं लागलं?

हे प्रमुखाने स्वतः विचारत फिरू नये. सर समोर बसल्यावर खरं कोण सांगणार? दुसऱ्या संस्थेतला एखादा जुना जाणता माणूस दोन दिवस बोलवा. चहापाण्याच्या खर्चात होणारं काम आहे. त्याने ऑफिसात बसून न विचारता वस्तीत, केंद्रावर, सेविकांबरोबर डबा खाताना विचारावं.

तीन पानं भरली की एक गोष्ट लख्ख दिसते. बातमी बहुतेक वेळा एकाच पायरीवर अडते, आणि ती पायरी म्हणजे मधला माणूस. सुपरवायझर किंवा को-ऑर्डिनेटर. लगेच त्याच्यावर घसरू नका. खालून शिव्या तो खातो, वरून टार्गेटही त्यालाच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण त्याला तुमच्याच मीटिंगांनी शिकवलेलं असतं. आमच्या को-ऑर्डिनेटरने ती बातमी दीड महिना दाबली, कारण त्याआधी दोनदा तिने वाईट बातमी आणली होती आणि दोन्ही वेळा मी विचारलं होतं, 'मग तू काय करत होतीस?'

दुसरं काम: व्हाउचर

इथे वाचक जरा नाराज होतील. नेतृत्वावर वाचायला आलो आणि हा व्हाउचर काय सांगतोय! पण बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या बाईसाठी संस्था म्हणजे काय, हे तिचे रिक्षाचे पैसे किती दिवसांनी मिळतात त्यावर ठरतं. महिन्याला चार-पाचशे रुपये स्वतःच्या पर्समधून घालायचे, तीस तारखेला व्हाउचर भरायचं, मग अकाउंटंट म्हणणार, 'शेअर रिक्षाची पावती कुठाय?' शेअर रिक्षाची पावती मुंबईत आजवर कोणाला मिळाली आहे? मग सही राहते, मग सर दिल्लीला जातात, आणि पैसे पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला. अशा बाईकडून 'आमच्या संस्थेत पारदर्शकता आहे' हे वाक्य पाठ करून घ्यायला आपल्याला काही वाटत नाही.

करायचं ते असं. प्रत्येक वस्तीच्या गटाकडे ठरावीक रक्कम हातात ठेवा; दोन-तीन हजार पुरतात. ती रक्कम सांभाळणारी एक आणि वहीवर सही करणारी दुसरी. जिथे पावती मिळतच नाही, अशा खर्चांची यादी एकदाच करा: शेअर रिक्षा, नळवाल्याला दिलेले शंभर रुपये, केंद्राबाहेर गटार साफ करून घेतल्याचे पैसे. त्यासाठी स्वतःच्या सहीचं साधं व्हाउचर चालेल असा ठराव विश्वस्तांकडून करून घ्या आणि ऑडिटरला आधीच दाखवा. ऑडिटरचा आक्षेप सहसा पावती नाही यावर नसतो, ठरलेली पद्धत नाही यावर असतो. नंतर फक्त एक आकडा बघत जा: व्हाउचर दिल्यापासून पैसे मिळेपर्यंत सरासरी किती दिवस गेले? सातच्या वर गेला तर अकाउंटंटला बोल लावण्याआधी सह्या कोणाच्या राहिल्यात ते बघा. बऱ्याचदा तुमचीच असते.

याच रकमेत बसणारी तातडीची दुरुस्ती वस्तीच्या गटाने विचारल्याशिवाय करावी अशी मुभा द्या. खर्च आधी, फोन नंतर. हा अधिकार तेव्हा असता तर मे महिन्यातच ताडपत्री लागली असती.

तिसरं काम: सोमवारची मीटिंग

बहुतेक संस्थांमध्ये आठवड्याची मीटिंग असते आणि बहुतेक मीटिंगांत एकच माणूस बोलतो. मी बदलायला सांगतो त्या गोष्टी लहान आहेत, पण एकेक अमलात आणायला महिना-महिना लागतो.

बोलायचा क्रम उलटा करा. सगळ्यात नवीन, सगळ्यात कमी पगाराची व्यक्ती आधी, प्रमुख सगळ्यात शेवटी. प्रमुखाने एकदा मत दिलं की नंतरच्या सगळ्यांचं 'मॅडम म्हणतात तसंच' होतं.

भाषा. मुंबईतल्या संस्थांचं हे खास दुखणं. वस्तीत हिंदी, मराठी, कुठे भोजपुरी, कुठे तेलुगू. ऑफिसात मात्र इंग्रजी स्लाइड. गोवंडीच्या ताई स्लाइडकडे बघून मान डोलवायच्या आणि घरी जाताना एकमेकींना विचारायच्या, 'काय ठरलं ग?' मीटिंग ज्या भाषेत सगळ्यांना भांडता येतं त्या भाषेत घ्या. इंग्रजी रिपोर्ट मागाहून एकाने बसून लिहावा.

पहिली पंधरा मिनिटं फक्त 'काय फसलं' यासाठी राखून ठेवा. सुरुवातीचे तीन-चार आठवडे कोणी तोंड उघडणार नाही. तेव्हा प्रमुखाने स्वतःची चूक सांगायची, खरी आणि अलीकडची. 'मी फार काम करतो, हीच माझी चूक' छापाची नको. मी पहिल्या सोमवारी त्या वीसच्या वाक्याबद्दल सांगितलं. खोलीत शांतता. दुसऱ्या सोमवारीही शांतता. तिसऱ्या सोमवारी मानखुर्दच्या एका दादाने हळूच सांगितलं की किशोरवयीन मुलींचा गट दोन महिने भरलाच नाही, कारण समाजमंदिराची चावी ज्याच्याकडे होती त्याच्याशी त्याचं वाजलं होतं. मी तोंड घट्ट मिटून बसलो. सवय नव्हती, जड गेलं. मग इतकंच विचारलं, "चावीसाठी कोणाशी बोलावं लागेल?" दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेलो, चावी मिळाली. चौथ्या सोमवारी पाच जण बोलले.

वाईट बातमी ऐकल्यावर तोंडून निघणारा पहिला प्रश्न कोणता, याचा सराव करा. 'का झालं?' आणि 'कोणी केलं?' हे दोन प्रश्न पहिल्या दिवशी वर्ज्य. 'आत्ता काय लागेल?' हा चालतो. कारणमीमांसा दोन दिवसांनी, डोकं थंड झाल्यावर.

जागेचंही बघा. विरार, पनवेल आणि कल्याणहून येणाऱ्या माणसांना सकाळी साडेनऊला अंधेरीत बोलावून वर 'वेळ पाळा' म्हणणं बरं नव्हे. महिन्यातून एक मीटिंग वस्तीतच घ्या. आणि कृपा करून रविवारी प्रशिक्षण ठेवू नका. मेगाब्लॉक तर असतोच, शिवाय तो एकच दिवस त्या बाईला पाणी भरायला आणि मुलांचा अभ्यास घ्यायला मिळतो.

चौथं काम: कोण काय ठरवणार, ते एका पानावर

हे थोडक्यात. पाच-सहा नेहमीचे निर्णय घ्या: नवी नेमणूक, रजा, बजेटमधल्या एका सदरातून दुसऱ्यात पैसे वळवणं, केंद्राची जागा बदलणं, पत्रकाराशी बोलणं, देणगी नाकारणं. प्रत्येकापुढे एकच पदनाम लिहा. 'चर्चेने ठरवू' असं लिहिलंत तर ते संस्थापकच ठरवणार, हे गृहीत धरा. पान ऑफिसात आणि प्रत्येक केंद्रात लावा. दर एप्रिलमध्ये बदला. बस.

पाचवं काम: मानधन की पगार

आपल्याकडच्या संस्थांच्या संस्कृतीची खरी गाठ इथे आहे. मुंबईत सामाजिक कामाला शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा. 1911 साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. तिथून पुढे 'कार्यकर्ता' हा शब्द आपण मोठ्या आदराने वापरत आलो. पण त्याच शब्दाची ढालही झाली. काम दिवसाचे आठ तास, जबाबदारी नोकरीची, आणि पैसे मात्र 'मानधन'. रजा मागितली की 'आपण नोकरी करतो का ताई, हे व्रत आहे'. व्रत घेतलेल्या माणसाने तक्रार करायची नसते, म्हणून वाईट बातमी तिथेच गिळली जाते.

तेव्हा आधी कागद नीट करा. प्रत्येकाला समजेल अशा भाषेत नेमणूक पत्र: काम काय, तास किती, रजा किती, पगार किती तारखेला, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. वीस माणसं झाली की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो, संस्था ना-नफा असली तरी. सगळ्यांना 'मानधनावर' दाखवून संख्या वीसच्या खाली ठेवण्याची युक्ती मी पाहिली आहे. ती तपासणीत टिकत नाही आणि माणसांच्या मनातून तर पहिल्याच दिवशी उतरते.

दहा किंवा अधिक माणसं असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक बाहेरची सदस्य. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, पण ते सोडा. लक्षात ठेवायची गोष्ट दुसरी: कामासाठी जिथे जिथे जावं लागतं ती जागा आणि संस्थेने दिलेल्या वाहनातला प्रवास, सगळं 'कामाची जागा' या व्याख्येत येतं, आणि विनावेतन स्वयंसेविकाही 'कर्मचारी' धरली जाते. म्हणजे फक्त ऑफिसच्या भिंतीवर नावं लावून भागत नाही, केंद्राकेंद्रावर लावा. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, आपली जागा कुठल्यात येते ते आधीच माहीत करून घ्या. बाहेरची सदस्य निवडताना संस्थापकांची मैत्रीण नको. समितीकडे वर्षानुवर्षं एकही तक्रार आली नाही, याचं संस्था कौतुक करतात. मला धास्ती वाटते.

मुलांबरोबर काम असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी सरांना विचारू' ही सवय इथे थेट गुन्हा ठरू शकते. प्रत्येक सेविकेला हे तोंडपाठ हवं.

सहावं काम: विश्वस्तांना कामाला लावा

महाराष्ट्रात 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या संस्थाही 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. म्हणजे बहुतेकांची गाठ वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयाशीच. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, आपल्या भाषेत चेंज रिपोर्ट, दाखल करायचा. राहिला तर विलंब माफीचा अर्ज आणि हेलपाटे. कितीतरी संस्थांच्या शेड्यूल वनवर, म्हणजे आयुक्तालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, अजून दिवंगत माणसांची नावं आहेत आणि बँकेने नवं खातं उघडायला नकार दिला की मग सगळ्यांना जाग येते. जागा विकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायची तर कलम 36 प्रमाणे आयुक्तांची आधी परवानगी लागते. हे विश्वस्तांना ठाऊक हवं, फक्त वकिलाला नव्हे.

पण कागद पूर्ण असूनही विश्वस्त मंडळ झोपलेलं असू शकतं. संस्थापकांचे मेहुणे, शाळेतले मित्र, एक निवृत्त अधिकारी. सभा वर्षातून दोनदा, सामोसे, इतिवृत्तावर सह्या. यातून बाहेर यायला मी तीन गोष्टी सुचवतो. एक, प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून दोन दिवस वस्तीत काढावेत, प्रमुखाशिवाय. दोन, सभेचे कागद आठ दिवस आधी मिळावेत आणि त्यात एक पान 'या तिमाहीत काय फसलं' याचं असावं. तीन, विश्वस्तांनी प्रत्येक सभेत हे विचारावं: उद्यापासून एकही रुपया आला नाही तर पगार किती महिने देता येतील? हा आकडा तीनच्या खाली असेल तर बाकीची विषयपत्रिका बाजूला ठेवायला हरकत नाही.

नात्यातल्यांना काढा असं मी म्हणत नाही. काही मेहुणे फार कामाचे असतात. पण निम्म्याहून जास्त विश्वस्त असे हवेत की जे संस्थापकांना तोंडावर 'हे चुकतंय' म्हणू शकतील आणि तरी दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला जातील.

सातवं काम: संस्थापकांचा फोन

आता अवघड जागेचं दुखणं. संस्था ज्यांनी उभी केली त्यांच्यामुळेच ती अडते, हे त्यांना सांगायचं कोणी?

मुलांसाठी काम करणाऱ्या क्राय या संस्थेची आठवण इथे काढावीशी वाटते. विमान कंपनीत पर्सर असलेल्या रिपन कपूर यांनी 1979 साली मित्रांबरोबर पन्नास रुपयांपासून ती मुंबईत सुरू केली. 1994 मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते गेले. संस्था थांबली नाही. आपली संस्था उद्या अशीच चालेल का, हा प्रश्न प्रत्येक संस्थापकाने स्वतःला विचारावा. पण नुसता विचारून उत्तर मिळत नाही, करून बघावं लागतं.

म्हणून हा प्रयोग करा. संस्थापकांनी पंधरा दिवस रजेवर जायचं, फोन खरोखर बंद. गावी जा, कोकणात जा, कुठेही जा. आधी कोणाला काहीही समजावून सांगायचं नाही, रोज जसं चालतं तसं सोडून जायचं. मागे राहिलेल्यांनी एकच यादी करायची: कुठे कुठे अडलं.

एका संस्थेत मी ही यादी पाहिली. मला वाटलं होतं, मोठे धोरणात्मक निर्णय अडले असतील. यादीतल्या पहिल्या पाचपैकी चार गोष्टी ओटीपीच्या होत्या. आयकराच्या पोर्टलवरचा नंबर संस्थापक ताईंचा. संस्थांच्या नोंदणीच्या सरकारी दर्पण पोर्टलवर ताईंचा. बँकेचा ताईंचा. इतकंच काय, ऑफिसच्या लाइटबिलाचा मेसेजही ताईंना. पाचवी गोष्ट: स्टेशनरीच्या कपाटाची चावी. दुसऱ्या फळीच्या नेतृत्वाबद्दल त्या संस्थेने दोन कार्यशाळा घेतल्या होत्या.

सुरुवात तिथूनच करा. संस्थेच्या नावाने वेगळं सिमकार्ड आणि ईमेल घ्या, ऑफिसात ठेवा, सगळी पोर्टलं त्यावर हलवा. बँकेत तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील अशी व्यवस्था करा. डिजिटल सही कोणाच्या नावाची, संपते कधी, आयकर सवलतीच्या (12एबी आणि 80जी) नोंदणीची मुदत कधी संपते, परदेशी देणग्यांची नोंदणी असेल तर तिच्या नूतनीकरणाची तारीख कोणती, हे सगळं एका तक्त्यावर, आणि तक्ता किमान दोघांकडे.

त्यानंतर माणसं. दुसरी फळी तयार करायची म्हणजे तिला प्रशिक्षणाला पाठवायचं नव्हे, तिच्या हातात एखादं अख्खं काम द्यायचं: एक वस्ती, तिचं बजेट, तिची माणसं, तिचा देणगीदार. आणि ती चुकेल तेव्हा तिचं काम परत ओढून घ्यायचं नाही. देणगीदाराचा फोन संस्थापकांना आला की त्यांनी म्हणायचं, 'हे अमुक बघते, तिच्याशी बोला.' हे वाक्य संस्थापकांना सगळ्यात जड जातं, कारण देणगीदाराशी असलेली ओळख हीच त्यांची खरी सत्ता असते. इथे बऱ्याच संस्थांचं घोडं कायमचं पेंड खातं. त्यावर माझ्याकडे हमखास उपाय नाही. वर्षाचा करार, लिहून, विश्वस्तांसमोर केला तर निम्म्या वेळा चालतो.

आठवं काम: देणाऱ्यांना खरं सांगा

वीसचा पट आम्ही स्वतःच्या डोक्यातून आणला नव्हता, तो प्रपोजलमधून आला होता. तेव्हा ऑफिसातली भीती घालवायची तर देणगीदाराची भीती आधी जायला हवी.

एक गैरसमज काढून टाकू. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या, पैशांतून संस्थेला प्रशासनासाठी पाच टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत असं सर्रास सांगितलं जातं. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम राबवणाऱ्या संस्थेवर नाही. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख करणं याचा थेट खर्च त्यात धरतच नाहीत. को-ऑर्डिनेटरचा पगार, सेविकांचं प्रशिक्षण, ताडपत्री: सगळं प्रकल्पाच्या खर्चात मागा, लाजू नका. परदेशी देणग्यांच्या बाबतीत मात्र 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा संस्थेवरच आहे. तिथेही प्रत्यक्ष शिकवणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या माणसांचे पगार प्रशासनात मोडत नाहीत. बजेट करताना ही विभागणी अकाउंटंटवर सोडू नका, त्याच्याबरोबर बसा.

गोवंडीच्या त्या प्रकारानंतर मी कंपनीच्या सीएसआर मॅनेजरला खरे आकडे पाठवले आणि दोन दिवस फोन वाजला की दचकत होतो. त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न: "पत्रे बदलायला किती लागतील?" दरवेळी असं होत नाही. दुसऱ्या एका देणगीदाराने पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत, आणि त्याचं कारण तेच होतं असं मला अजूनही वाटतं. एक केंद्र बंद करावं लागलं. हा सौदा स्वस्तात पडत नाही, हे विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा.

रिपोर्टात प्रत्येक तिमाहीला एक परिच्छेद 'ठरल्याप्रमाणे न झालेलं' या नावाने टाका. करारावर सही करतानाच तसं बोलून घ्या. पैसे हातात पडल्यावर नाही.

हे सगळं कधी सुरू करायचं

एकदम सगळं नको. जानेवारी ते मार्च कुठल्याच संस्थेत काही बदलत नाही. कंपन्यांना वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो आणि सगळे बिलं गोळा करत असतात. एप्रिलमध्ये जुन्या फजित्यांची ती तीन पानं लिहा आणि व्हाउचरची पद्धत लावा. नव्या वर्षाचं बजेट तेव्हाच सुरू होतं, म्हणून वस्त्यांकडच्या हातखर्चाच्या रकमा त्यातच बसवा. मेमध्ये निम्मी माणसं गावी असतात, तेव्हा नेमणूक पत्रं, शेड्यूल वन, पोर्टलांचे नंबर असली बसून करायची कामं उरका. सोमवारची मीटिंग मेअखेर उलट्या क्रमाने सुरू करा, म्हणजे पाऊस येईपर्यंत दोन-तीन वेळा शांतता सोसून झालेली असेल.

मग जून. पहिला मोठा पाऊस झाला की कुठला तरी पत्रा गळणार, कुठल्या तरी केंद्रात पाणी शिरणार, कोणीतरी कुर्ल्याला रुळांत पाणी म्हणून अडकणार. वहीचं नवं पान काढा. वस्तीत कोणाला कधी कळलं ती तारीख डावीकडे, तुम्हाला कळलं ती उजवीकडे.

आमच्या पानावर त्या वर्षी पहिली नोंद होती अकरा जून आणि अकरा जून. फोन ताईंचाच होता. ताडपत्री टाकून झाली होती, बिल व्हॉट्सॲपवर आलं होतं, आणि त्या दिवशीची हजेरी होती नऊ.